रुमालाखालची मूठ

सारंगखेडा, २ सप्टेंबर २०२५

धानोऱ्याचे विज्ञान शिक्षक श्री. नवनीतराव यांस,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. तुझ्या भाचीच्या, रंजिताच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच कापलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, कारण बातमी चांगली आहे.

माझ्या डोक्यात गाठ निघाली आहे.

तुझी बहीण कालपासून रडते आहे. मी मात्र डॉक्टरांसमोर हसलो, तेव्हा त्यांना वाटलं की गाठीचाच परिणाम असेल. कसला परिणाम? तीन वर्षं मी ज्या गोष्टीचा साक्षीदार शोधत होतो, तो माझ्याच कवटीत बसलेला निघाला.

तू विसरला नसशील, तरी एकदा माझ्या बाजूने ऐक. तीन वर्षांपूर्वी इथल्या घोड्यांच्या यात्रेत तू ऐकून घेतलं नव्हतंस. तुझी गुलछडी विकायची होती. शाळा सांभाळून घोडी सांभाळणं तुला जमेना. दलाल म्हणून तू मलाच पुढे केलंस, कारण घोड्यांच्या बाजारात हाताची भाषा माझ्याइतकी कुणाला येत नाही. राजस्थानचा व्यापारी समोर, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर, आणि आत बोटांनी सौदा चाललेला. त्याने पहिला भाव दिला तो इतका पडेल होता, की मी त्याची बोटं झटकणारच होतो. तेवढ्यात माझी मूठ वळली. मी वळवली नाही, ती वळली. आपल्या बाजारात रुमालाखाली मूठ वळली म्हणजे सौदा झाला, मग कुणीही येऊन सांगितलं तरी तो फिरत नाही. व्यापारी घोडी घेऊन गेलासुद्धा, आणि मी आपला रुमालाखाली हात धरून उभा.

मी म्हणालो, हात आपोआप वळला. सगळा बाजार हसला. आणि तू चारचौघांत मास्तरकी केलीस. "दाजी, हात आपोआप नही हलस. डोकं सांगस तव्हयच हात हलस. आठवीना पोऱ्याले बी ठाऊक शे." तेही मी सोसलं असतं. पण त्यापुढे तू म्हणालास की दाजींनी दोन्हीकडून दलाली खाल्ली. ते मी आजपर्यंत गिळलेलं नाही.

त्यानंतरही हात अधूनमधून आपली मर्जी चालवायचा. कधी चहाचा कप सांडला, कधी दाढी करताना वस्तरा उडाला. मी कुणाला सांगितलं नाही, सांगून एकदा काय झालं ते पाहिलं होतं. मग पंधरा ऑगस्टची ग्रामसभा झाली. दोधूच्या गल्लीला आधी पेव्हर ब्लॉक बसवायचे असा ठराव आला. दोधू म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे, आपल्या घोड्यांच्या दावणीशेजारी स्वतःची दावण मांडून तीस वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवणारा. मी विरोधात बोलायला उठलो आणि माझा उजवा हात झटका बसून वर गेला. ठराव माझ्या मताने मंजूर झाला. दोधूने येऊन मिठी मारली. "भिलाभाऊ, मी सांगतच व्हतू, तू आपलाच माणूस शे." हात अजून थडथडत होता आणि बोटं एकामागून एक वळत होती. रंजिताने फोनवर त्याचं चित्रण केलं, नंदुरबारच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. ही फिट आहे, म्हणाले. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो-चालतो, फक्त हात फिटमध्ये असतो.

त्या फोटोची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पांढरा डाग दिसतो ना, डाव्या बाजूला? तो तुझी गुलछडी विकून मोकळा झाला. त्याला जाब विचार.

तुझा (नात्याने, तुझ्या मर्जीने नव्हे)
भिला

सुरत, २४ सप्टेंबर २०२५

नवनीतराव,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. मास्तरांना पेपर तपासायला वेळ लागतोच.

सुरतच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला आलो आहोत. इथले मेंदूचे सर्जन बोलायला गोड आहेत, पण जे बोलतात ते गोड नाही. गाठ काढावी लागेल. ती उजव्या हाताच्या अगदी बांधाला लागून आहे. म्हणजे डोक्यात, डाव्या बाजूला. तुला हे सांगायला नको, पण मला नवीन होतं की उजव्या हाताचा कारभार डोक्याच्या डाव्या बाजूने चालतो.

साहेबांनी एक चित्र दाखवलं. मेंदूच्या वरच्या अंगाला एक पट्टा आहे, त्यात सगळ्या शरीराची वाटणी झालेली असते. पायाला एवढी जागा, पाठीला एवढी, तोंडाला एवढी. पाठ केवढी मोठी, तिला टीचभर जमीन. आणि हाताला, बोटांना आणि तोंडाला सगळी बागायत. तुझी बहीण म्हणाली की हे चित्र पाहूनच कळतं, दलालाचंच डोकं आहे. मी म्हटलं, बाई, सगळ्यांचं असंच असतं. साहेबही तेच म्हणाले, पण तिला पटलं नाही.

आता अडचण अशी की हे चित्र छापील आहे. प्रत्येकाच्या डोक्यात वाटणी थोडी इकडेतिकडे झालेली असते, आणि गाठीने ढकलून माझे बांध अजून सरकलेले असतील. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मोजणी करावी लागते. डोकं उघडायचं, मला जागं करायचं, मेंदूवर बारीक सळईने हलका करंट लावायचा. जिथे लावल्यावर बोट हलेल, ती जागा बोटाची. तिथे चिठ्ठी ठेवायची. जिथे काही हलणार नाही, कुठे मुंग्या येणार नाहीत, बोलणं अडणार नाही, तिथून आत शिरून गाठ काढायची. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे. कातडीला दुखतं, तिला इंजेक्शन देतात.

हे ऐकून तुझ्या बहिणीने विचारलं, "डोकं उघडीसन यास्ले जागं ठेवतीन का? मंग यास्नं तोंड कोन बंद करी?" साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, ती माझ्या तब्येतीची काळजी करते.

मी साहेबांना विचारलं, ही गाठ तीन वर्षांपूर्वी असेल का. म्हणाले, असू शकते, ही हळू वाढणारी दिसते. मी म्हटलं, मग तसं कागदावर लिहून द्या, की हा गृहस्थ खोटा नाही. ते म्हणाले, असा दाखला आमच्याकडे नसतो. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एवढाही दाखला नाही.

मग त्यांनी विचारलं, बोटांचं असं कुठलं काम आहे, जे तुम्ही न विचार करता बारीक करू शकता? गाठ कापताना ते सतत करत राहायचं असतं. कुणी पेटी वाजवतं, कुणी विणकाम करतं. हात ढिला पडला की कळतं, आता पुढे जायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मला रुमालाखाली घोडा विकता येतो. साहेब भुलीच्या डॉक्टर बाईंकडे बघायला लागले. बाईंचं नाव भूमिका. ऑपरेशनभर माझा हात धरून बसण्याचं काम त्यांचं. त्या म्हणाल्या, काका, मला शिकवा.

मी घाबरलेलो नाही. जेवण जात नाही, ते इथे आमटीत साखर घालतात म्हणून.

भिला

सुरत, १४ ऑक्टोबर २०२५

नवनीत,

उद्या ऑपरेशन आहे. आज छोटंच लिहितो.

भूमिकाबाईंना बोटं शिकवून झाली. एक बोट धरलं तर काय, दोन धरली तर काय, पंजा दाबला तर काय, तळव्यावर खाजवलं की अर्धं कसं होतं, सगळं. हुशार आहे. तिसऱ्या दिवशी तिने मला एक आंधळा घोडा चढ्या भावाने विकला. मी तिला म्हटलं, तुम्ही सारंगखेड्यात जन्माला आला असता तर दोधूचं दुकान बसलं असतं. ती म्हणाली, काका, उद्या मी खूप कंजूष होणार आहे, तुम्ही हात सोडू नका.

मागच्या पत्रात मी घाबरलो नाही असं लिहिलं. ते खोटं होतं. मरणाची तितकी भीती वाटत नाही. हात गेला तर काय, हे सुचत नाही. या हाताने मी घोड्याचे दात पाहतो, नस पाहतो, नाल कुठे टोचतोय ते सांगतो. बाजारात मला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, हाताने ओळखणारे जास्त. साहेब म्हणाले, गाठ पूर्ण काढायला गेलो तर हात जाऊ शकतो, हात राखायला गेलो तर गाठ थोडी राहू शकते, तुमचं म्हणणं काय? मी सांगितलं, हात राखा. तुझी बहीण ते ऐकून खोलीबाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

तेवीस तारखेला भाऊबीज आहे. दोन भाऊबिजा ती ताट करून बसली आणि तू आला नाहीस. भांडण माझ्याशी आहे, ते माझ्याशी ठेव. मी तेव्हा शुद्धीत असेन की नाही ठाऊक नाही, म्हणजे तुला तोंडही बघावं लागणार नाही. ये.

भिला

सुरत, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

(अक्षर माझं आहे, रंजिताचं. पप्पा सांगतात ते लिहिते. कंसातलं माझं.)

नवनीत, मी जिवंत आहे. (हे त्यांनी तीनदा लिहायला सांगितलं.) डोक्याला पागोट्यासारखं बांधलं आहे, म्हणून आरशात जरा बरा दिसतो.

ऑपरेशन कसं झालं ते तुला शास्त्रीय भाषेत नाही, माझ्या भाषेत सांगतो. मला जाग आली तेव्हा डोकं लोखंडी पकडीत घट्ट होतं, तोंडावर हिरव्या कापडाचा मांडव होता, आणि उजवा हात दुसऱ्या हिरव्या कापडाखाली. त्या कापडाखाली भूमिकाबाईंचा हात. मला वाटलं, यात्राच भरली.

साहेब म्हणाले, आता करंट लावतो. माझा अंगठा हलला. पुन्हा लावला, तर दोन बोटं भूमिकाबाईंच्या हातात दाबली गेली. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही भाव वाढवला. मी म्हटलं, मी नाही वाढवला, साहेबांनी वाढवला. साहेब वरून म्हणाले, मी तर अजून घोडाही पाहिला नाही. सगळे हसले, मी मात्र हसलो नाही, डोकं हलवायला बंदी होती. (नर्स सांगत होत्या की पप्पा सारखे साहेबांना सूचना देत होते. एकदा साहेब म्हणाले, काका, बोलण्याची जागा शाबूत आहे हे कळलं, आता जरा थांबा.)

मग साहेबांची सळई एका जागी लागली आणि माझी मूठ वळली. पूर्ण. मी काही केलं नव्हतं. अगदी तशीच, नवनीत. अंगठा आत, करंगळी सर्वांत घट्ट, आणि दंडापर्यंत एक ओढ. मी ओरडलो, साहेब, हीच ती, हीच ती मूठ! त्यांनी विचारलं, कोणती? मी म्हटलं, गुलछडीची. साहेबांना काय कळणार? पण त्यांनी त्या जागी चिठ्ठी ठेवली. तीन वर्षं मी ज्याची शपथ घेत होतो, ती जागा माझ्या डोक्यात खरोखर आहे आणि तिच्यावर आता चिठ्ठी पडली आहे. मला रडू आलं. भूमिकाबाईंनी विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, मी जिंकलो. (मामा, हे सांगताना पप्पा पुन्हा रडले. मी लिहायची थांबले होते.)

नंतर कापायला सुरुवात झाली आणि बाईंनी सौदा सुरू केला. मी त्यांना नसलेली घोडी विकत होतो. चांगली घोडी होती, गुलछडीच्या रंगाची. बाई एक बोट पुढे सरकत नव्हत्या. बराच वेळ चाललं. भाव मनासारखा होत आला, आणि मी पंजा दाबायला गेलो तर दबेना. बोटं कापडाखाली नुसती पडून राहिली. बाई म्हणाल्या, साहेब, हात ढिला. साहेबांचं काम तिथेच थांबलं. थोडी गाठ त्या बांधावर राहू दिली आहे. गाठीने थोडं राखलं, मी थोडं राखलं.

(आता माझं. पप्पांचा हात अजून हलत नाही. साहेब म्हणतात सूज आहे, उतरेल, व्यायाम करावा लागेल, बराचसा परत येईल अशी आशा आहे. 'आशा' हा शब्द त्यांनी वापरला, 'खात्री' नाही. पप्पा दिवसभर हाताकडे बघतात आणि आम्ही बघितलं की खिडकीकडे बघतात. गाठ हळू वाढणाऱ्यांपैकी आहे, दर काही महिन्यांनी फोटो काढून लक्ष ठेवायचं. मम्मी तुम्हाला फोन करू म्हणते आणि करत नाही. आम्ही बावीसला घरी येतो.)

भिला, म्हणजे रंजिता

सारंगखेडा, २६ ऑक्टोबर २०२५

नवनीत,

(पुन्हा मीच लिहिते, मामा.)

तू भाऊबिजेला आलास. मी एवढी पत्रं पाठवली, त्यांत एवढं बोललो, आणि तू अंगणात उभा राहिलास तर माझ्या तोंडून निघालं काय, तर "चहा लेशी का?" नंतर मी स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या.

तूही कमी नाहीस. पत्रं वाचली म्हणालास. मला वाटलं, आता माफी येते. तर तू म्हणालास, "दाजी, मी तव्हय बी हाईच सांगेल व्हतं. हात आपोआप नही हलस, डोकं हलाडस. मन्हं खरं निंघनं." मी आडवा होतो म्हणून वाचलास. पण विचार केला तर खोटं काय आहे त्यात? डोक्यानेच हलवला होता. तेव्हा तुझी बहीण ताट घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही दोन्ही खरा. मंग दोन वरीस मी हाई ताट लिसन कसाले बठेल व्हती?"

दलालीचं जे बोलला होतास, त्याबद्दल तू तोंडाने काही बोलला नाहीस. ओवाळून झालं, तू माझ्या खाटेजवळ बसलास, गळ्यातला रुमाल काढलास आणि माझ्या उजव्या हातावर टाकलास. आत तुझा हात आला. मास्तर झालास तरी बोटं विसरला नाहीस. तू भाव दिलास. (पप्पा भाव सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं.) रंजिता, एवढंच लिही, तोच भाव. राजस्थानवाल्याने दिला होता तोच. बाजारात तो भाव व्यापारी, तुझा मामा आणि मी, अशा आम्हा तिघांनाच ठाऊक होता.

नवनीत, मला कळलं. तू सांगत होतास की तो सौदा तुला मंजूर आहे. आता मी मूठ वळायची आणि भांडण संपायचं. आणि माझी मूठ वळेना. त्या दिवशी मर्जी नव्हती तर वळली, आणि आज सगळा जीव त्या बोटांत आणला तर पडून राहिली. तू किती वेळ हात तसाच धरून बसलास. चहा निवला. मग तू हळूच रुमाल उचललास, म्हणालास, "राहू द्या दाजी, सौदा उभा शे," आणि एसटी पकडायला गेलास.

तुला वाटलं असेल मी नाही म्हणालो. मी नाही म्हणालेलो नाही. हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

(मामा, ते रोज ओल्या मातीचा गोळा दाबायचा प्रयत्न करतात. मी रागावले तर म्हणतात, तुझा मामा सौदा उभा ठेवून गेलाय.)

भिला

सारंगखेडा, ३० नोव्हेंबर २०२५

नव्या,

यात्रेचे तंबू पडायला लागले. घोडे उतरताहेत. मला गर्दीत जायला बंदी आहे, म्हणून ओट्यावरून बघतो.

काल दोधू आला. तब्येत विचारायला आलो म्हणाला, बरोबर लंगडं शिंगरू होतं. तेवढ्यातच ओळखलं. बसला, रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. त्याला वाटलं, आजारी माणूस आहे, हात आपोआप वळतो अशी ख्याती आहे, शिंगरू खपून जाईल. त्याने भाव दिला. आणि नव्या, माझी बोटं जागी झाली. महिनाभर माती दाबून दाबून ती कुठवर आली होती ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात मला माझी पाचही बोटं कळत होती. मूठ वळणार होती. मी ती वळू दिली नाही.

दोधूने वाट पाहिली, भाव उतरवला, पुन्हा उतरवला. मी हात उघडाच ठेवला. तो वैतागून म्हणाला, "भिलाभाऊ, तुन्हा हात तर मरेल शे." मी म्हटलं, "मरेल नही, आते मन्हं आयकस." तो शिंगरू घेऊन गेला. तो वेशीपर्यंत गेल्यावर मी घरात जाऊन तुझ्या बहिणीसमोर मूठ वळवून दाखवली, उघडून दाखवली, पुन्हा वळवली. ती म्हणाली, बस करा, दुखेल. मग स्वतःच माझा हात हातात घेऊन बसली.

तुझा भाव मला मंजूर आहे. पण हे कागदावर लिहून चालत नाही, ते तुला माहीत आहे. दत्तजयंतीला ये. ओट्यावर बसू, म्हणजे सगळ्या बाजाराला दिसेल. रुमाल मी ठेवतो, तुझ्या रुमालाला खडूचा वास येतो.

तुझा
दाजी

ता. क. हे पत्र उजव्या हाताने लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे म्हणशील, तर ते आधीही असंच होतं. गाठीला दोष देऊ नकोस.